'कोणाशी?' हा रकाना : वचन-आचरण पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासगटासाठी पुस्तिका काढायचं नक्की झालं. दर आठवड्याला एक शास्त्रभाग, त्यावर थोडं मनन आणि त्या आठवड्यात करायची एक कृती, एवढाच आराखडा आहे. पाळकसाहेबांनी काम सोपवताना सांगितलं, "संदेश छान झाला असं म्हणून लोक घरी जातात. सोमवारी सकाळी त्याचं काय करायचं, ते लिहून द्या." बायबलच्या नव्या करारात ज्याचं पत्र आहे त्या याकोबाचीही तक्रार हीच आहे. वचन नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड बघतो, तिथून निघतो आणि आपण कसे दिसत होतो ते लगेच विसरतो (याकोब १:२३-२४).

आम्ही तिघं आहोत. बायबल अभ्यास घेण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या ताई, तरुण संघातला एक भाऊ आणि मी. भाऊ मांडणी बघेल, ताई संदर्भ तपासतील, लेखन माझ्याकडे.

सुरुवात याकोबाच्या पत्रापासून करू. पाच अध्याय, १०८ ओव्या (वचनं), आणि पानोपानी रोजच्या वागण्याच्या गोष्टी: जीभ, पैसा, मजुरी, भेदभाव, आजारपण, उद्याचे बेत.

९ जानेवारी

ताईंनी पहिल्याच बैठकीत कळीचा मुद्दा काढला. कृतींची पुस्तिका काढतोय, मग देवाची फुकट मिळालेली कृपा कुठे बसणार? जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताकाडीचं पत्र म्हटलं होतं, ते याच काळजीपोटी. माणूस कृतींवर भिस्त ठेवू लागला की ख्रिस्ताने केलेलं कार्य मागे पडतं.

काळजी रास्त आहे आणि तिचं उत्तर प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या रचनेतच आहे. पहिल्या तीन अध्यायांत पौल देवाने काय केलं ते सांगतो, तिथे आज्ञा शोधाव्या लागतात. चौथ्या अध्यायापासून आज्ञांची रीघ लागते: खोटं टाका, चोरी सोडून कष्ट करा, कुजकं बोलू नका, क्षमा करा. आणि क्षमा का करायची? देवाने ख्रिस्तामध्ये तुम्हांला क्षमा केली म्हणून (४:३२). आज्ञेचं मूळ आधीच्या देणगीत आहे. दुसऱ्या अध्यायातसुद्धा तारण कृतींनी नाही असं सांगून झाल्यावर (२:८-९) पौल थांबत नाही. सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला निर्माण केलं आहे, असं पुढच्याच ओवीत येतं.

ठरलं: प्रत्येक पानाची पहिली ओळ देवाने काय केलं याची. कृती त्यानंतर.

१४ जानेवारी

भावाने नमुन्याचा तक्ता आणला. डावीकडे गलतीकरांस ५:२२-२३ मधलं आत्म्याचं फळ (प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन), वर आठवड्याचे वार आणि रोज रात्री खूण करायला चौकोन. दिसायला नेटका. बेंजामिन फ्रँकलिनने १३ सद्गुणांची अशीच वही ठेवली होती. आठवड्याला एक सद्गुण, चूक झाली की काळा ठिपका, आणि वर्षात चार आवर्तनं.

सवय लावायला तक्ता चांगला, हे मला मान्य आहे. बायबलवाचन, प्रार्थनेची ठरावीक वेळ, यांना तो उपयोगी पडतो. पण सौम्यतेपुढे रात्री खूण करायची ती कशाच्या आधारावर? दिवसभरात कोणी चिडून अंगावर आलंच नसेल तर मी सौम्य होतो की नुसता निवांत होतो? गलतीकरांस पत्रात ही यादी कुठे येते ते आम्ही पाहिलं. आधी पौल सांगतो की तुम्ही एकमेकांना चावाल आणि खाऊन टाकाल तर एकमेकांचा संहार होईल, सांभाळा (५:१५). मग देहाच्या कर्मांत वैर, कलह, मत्सर, राग, फुटी येतात. फळाच्या यादीनंतर पुन्हा एकमेकांना चिडवू नका, एकमेकांचा हेवा करू नका (५:२६). भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेल्या परिच्छेदाच्या मधोमध हे फळ आहे. ते तिथून उचलून एकट्याच्या वहीत लावलं की त्याची माती सुटते.

शिवाय लूक १८ मधला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, डोळ्यांपुढे आला. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश, सगळं चोख. त्याच मंदिरात मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे मात्र तो तुच्छतेने बघतो. चोख वही त्याला शेजारच्या माणसापर्यंत नेऊ शकली नाही.

चौकोन गेले. त्या जागी एकच रकाना आला: 'कोणाशी?' त्यात नाव लिहायचं.

१९ जानेवारी

आजचा सगळा वेळ पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर गेला आणि तो सत्कारणी लागला. पुस्तिकेत मला काय म्हणायचं आहे, ते आता स्वच्छ दिसतं.

हा अध्याय आपल्या घराघरांत भिंतीवर असतो. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडची देवाची शांती. जे सत्य, जे आदरणीय, त्याचं मनन करा. मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो. मन शांत करायचं असो, परीक्षा असो, नवं काम असो, आपण या ओव्या स्वतःला म्हणून दाखवतो, आणि त्या आधार देतातच. पण अध्याय सुरू होतो तो एका भांडणाने. युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं पटत नाहीये. दोघी सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या, दोघींची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत असं पौल म्हणतो, तरी पटत नाही. सगळ्या मंडळीसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात तो त्यांची नावं घेऊन एक व्हा अशी विनंती करतो, आणि एका तिसऱ्या सोबत्याला सांगतो की यांना साहाय्य कर (४:२-३).

यानंतर लगेच 'आनंद करा' येतं. मग 'तुमची सहनशीलता सर्वांना कळून येवो'. मग चिंता, प्रार्थना, शांती. मग काय मनात घोळवायचं त्याची यादी. भांडणात रुतलेला माणूस रात्री काय घोळवतो? ती अशी म्हणाली, तेव्हा मी असं म्हणायला हवं होतं, पुढच्या वेळी असं सुनावीन. त्या जागी जे सत्य, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय ते मनात धरायला पौल सांगतो. युवदीयेने ही ओवी ऐकली तेव्हा सुंतुखेमध्ये प्रशंसनीय काय आहे, हा विचार तिला टाळता आला नसेल, असं मला वाटतं.

पुढे दहाव्या ओवीपासून देणगीचे आभार सुरू होतात. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवलेली, आणि पौल बंधनांत, म्हणजे कैदेत. तृप्त असणं आणि उपाशी असणं, विपुलता आणि टंचाई, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे, असं तो लिहितो, आणि 'सर्व काही करण्यास शक्तिमान' हे त्याच्या पुढचंच वाक्य. म्हणजे हे सामर्थ्य पोटाला कमी पडलं तरी न कुरकुरण्याचं आणि दुसऱ्याच्या देणगीचे मोकळ्या मनाने आभार मानण्याचं आहे. तेही त्याला एकट्याला पुरलं असं तो म्हणत नाही. माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलं, असं तो लागलीच पुढे म्हणतो (४:१४).

या अध्यायाला दोन आठवडे द्यायचे. पहिल्याची कृती: ज्याच्याशी पटत नाही त्या माणसाबद्दल आठव्या ओवीतल्या एकेका शब्दापुढे एकेक खरी गोष्ट लिहा. न सुचल्यास जागा रिकामी ठेवा आणि त्या रिकाम्या जागेसाठी प्रार्थना करा.

२३ जानेवारी

पानाचा साचा पक्का. वर देवाने काय केलं, मग शास्त्रभाग पूर्ण (सुटी ओवी नाही, मागचापुढचा भाग धरून), मग मनन, मग कृती, खाली 'कोणाशी?' आणि पेन्सिलीने लिहायला मोकळ्या ओळी. अक्षर मोठं ठेवायचं, वयस्कर मंडळींना चष्मा शोधावा लागू नये.

२८ जानेवारी

जिभेचं पान. याकोबाचा तिसरा अध्याय लगाम, सुकाणू आणि ठिणगी या तीन चित्रांवर उभा आहे. मला जास्त भिडते ती नववी ओवी: याच जिभेने आपण पित्याला धन्यवाद देतो आणि देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो. उपासनेतलं गीत आणि उपासना सुटल्यावर दारात चाललेली कुजबुज यांच्यात काही मिनिटांचं अंतर असतं.

नीतिसूत्रांतून तीन जोड घेतले. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा (१८:१३). शेजाऱ्याला फसवून 'मी तर गंमत केली' म्हणणारा हा जळते कोलीत आणि बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा (२६:१८-१९). आणि मृदू उत्तराने कोपाचं निवारण होतं (१५:१). मधलं वचन आजच्या संदेशांच्या गटांना इतकं चपखल बसतं की त्यावर वेगळं लिहावंच लागलं नाही.

कृती ठरवताना भावाने स्वतःचा फोन पुढे केला. मोठ्या भावाला पाठवायचा संदेश त्याने लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. आम्ही तो मोठ्याने वाचला. 'तू नेहमी असंच करतोस. माझं म्हणणं तू कधीच ऐकून घेत नाहीस. आईबाबांची काळजी फक्त मलाच आहे.' ताई शांतपणे म्हणाल्या, "यातलं काय खरं आहे ते ठेव." त्याने 'नेहमी' खोडलं. मग 'कधीच'. 'फक्त मलाच' वर तो बराच वेळ थांबला आणि तेही खोडलं. उरलं ते असं: 'गेल्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा तू आला नाहीस. मला एकट्याला जड गेलं. पुढच्या वेळी येशील का?' हे वाचून त्याचा आवाज बदलला. संदेश पाठवायच्या ऐवजी त्याने फोनच केला.

पानावर कृती जशीच्या तशी घेतली, त्याच्या परवानगीने. रागातला संदेश लिहा, पाठवू नका, मोठ्याने वाचा, खरं नाही ते खोडा. प्रीतीने सत्य बोलणं (इफिस ४:१५) हे एरवी मोघम वाटतं. इथे ते तीन शब्द खोडण्याइतकं मूर्त झालं.

४ फेब्रुवारी

मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर.

हे पान लिहिताना ताईंनी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. येशू हे गालीलात बोलतोय आणि वेदी यरुशलेमात. अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी तीन-चार दिवसांचं. वेदीपाशी उभ्या असलेल्या गालीलकराचा भाऊ गावी असेल, तर अर्पण ठेवून निघायचं, दिवसचे दिवस चालायचं, समेट करायचा आणि पुन्हा तेवढंच चालत परत यायचं. ऐकणाऱ्यांच्या पायांना हा हिशेब लगेच कळला असणार. येशू हे सहज जाता जाता करायचं काम म्हणून सांगत नाहीये.

आणखी एक बारकावा: मला कोणाचा राग आहे, असं इथे नाही. माझ्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे, असं आहे. स्वतःच्या मनाची तपासणी करून हे सापडत नाही, समोरच्याला विचारावं लागतं. पानावर तसा प्रश्न घातला आहे.

६ फेब्रुवारी

परवाच्या पानाला एक चौकट जोडायची, आणि ती छोट्या अक्षरांत घालायची नाही. 'जाऊन समेट कर' हे वाचून मारहाण होत असलेली एखादी बहीण एकटीच परत त्या घरात गेली तर? क्षमेचं वचन असं वापरलं गेल्याचं आपण सगळेच ऐकून आहोत, आणि पुस्तिकेने त्यात भर घालता कामा नये.

शास्त्रात याला भक्कम आधार आहे. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठलेला. १ शमुवेल २६ मध्ये दावीद त्याच्या उशाचा भाला आणि पाण्याचा चंबू उचलतो, त्याला मारत नाही. पण मग बोलतो कुठून? पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावरून, मध्ये पुष्कळ अंतर ठेवून. शौल म्हणतो, माझ्या पुत्रा, परत ये, मी तुझं वाईट करणार नाही. दावीद म्हणतो, भाला इथे आहे, एखाद्या तरुणाला पाठवून न्या. तो परत जात नाही. सूड घेतला नाही आणि अंतरही सोडलं नाही. रोमकरांस १२:१८ मध्येही साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, अशी मर्यादा आहेच.

चौकटीतला मजकूर: जिथे जिवाला, देहाला किंवा लेकरांना धोका आहे तिथे ही कृती करू नका. विश्वासातल्या माणसाला सांगा, मदत घ्या, सुरक्षित जागी राहा. पाळकसाहेबांनी वाचून लगेच होकार दिला आणि पोलिसांची मदत घेण्याचा उल्लेख स्वतः घातला.

१२ फेब्रुवारी

पैशाचं पान. इथे 'कोणाशी?' सगळ्यात जास्त बोचतं आणि बोचायलाच हवं.

जकातदारांचा मुख्य असलेल्या जक्कयाने येशूला घरी घेतल्यावर मी आता चांगला माणूस होईन असं म्हटलं नाही. अर्धं द्रव्य दरिद्र्यांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत (लूक १९:८). नियमशास्त्रात भरपाईसाठी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे (गणना ५:७). चौपट हा चोरलेल्या मेंढराचा हिशेब (निर्गम २२:१). जक्कय स्वतःला चोराचा हिशेब लावतो. आणि चौपट द्यायचं म्हणजे कोणाचं किती घेतलं ते एकेकाचं आठवावं लागतं.

मजुरीबद्दल याकोब ५:४ आणि लेवीय १९:१३ शेजारी शेजारी छापतोय. मोलकऱ्याची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नको, एवढी बारीक आज्ञा. कृतीत लिहिलं: तुमच्याकडे कोणाचं देणं अडून आहे का? पगार, उसने पैसे, कामाचा मोबदला? नाव लिहा आणि तारीख ठरवा.

फिलेमोनाचं पत्र याच पानात घ्यायचा मोह आवरला नाही. २५ ओव्यांचं पत्र, आणि त्यात पौल फिलेमोनाच्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, त्याला लिहितो की त्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे (१८-१९). समेट व्हावा म्हणून दुसऱ्याचं कर्ज स्वतःच्या खाती घेणं! कृपा म्हणजे काय हे समजावायला मी इतकी पानं खर्च केली, आणि इथे ते उधारीच्या नोंदीत मावलं आहे.

१५ फेब्रुवारी

विश्रांतीचं पान लवकर झालं. अनुवाद ५:१४ मध्ये शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) सांगताना दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळे येतात, आणि तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा असं कारण दिलेलं आहे. म्हणून प्रश्न असा: तुम्ही विसावा घेता तेव्हा घरात कोण राबत असतं?

२० फेब्रुवारी

मसुदा काही जणांना वाचायला दिला होता. एका वयोवृद्ध बहिणीचा अभिप्राय आला आणि तो मी दिवसभर मनात वागवतोय. त्या एकट्या राहतात, बाहेर पडणं होत नाही. "प्रत्येक पानावर नाव विचारता. माझ्याकडे आता नावं उरली नाहीत."

ताई म्हणाल्या, रकाना काढू नका, पण त्यांना एकटं सोडू नका. एलीया संदेष्टाही म्हणाला होता की मी एकटाच उरलो आहे. देवाने त्याला आधी झोपू दिलं, खाऊ घातलं, मंद वाणीने बोलला, आणि मग नावं दिली: हजाएल, येहू, अलीशा. वर सांगितलं की सात हजार उरले आहेत (१ राजे १९). नावं त्याच्या आठवणीत नव्हती, देवाच्या होती. याचा अर्थ मंडळीनेच त्या बहिणीकडे नावं न्यायची. दर आठवड्याला गटातलं कोणीतरी जाऊन त्यांना प्रार्थनेसाठी दोन नावं आणि त्यांच्या अडचणी सांगेल, आणि पुढच्या भेटीत काय झालं तेही सांगेल. हे पुस्तिकेत छापून भागणार नाही, माणूस नेमावा लागेल. पाळकसाहेबांशी उद्याच बोलतो.

२६ फेब्रुवारी

गटात पुस्तिका कशी वापरायची त्यावर चर्चा. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम घालून दिले. दर भेटीत विचारायच्या प्रश्नांपैकी पहिलाच असा की मागच्या भेटीपासून तुमच्याकडून कळत असताना कोणती पापं घडली. याकोब ५:१६ वर ती पद्धत आधारलेली होती: आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. थेट प्रश्न, आणि तो पेलायला गटही लहान आणि विश्वासाचा हवा. आमचा गट नवा आहे. मला वाटतं, सुरुवातीला एवढंच विचारावं: तुमच्या रकान्यातल्या माणसाशी या आठवड्यात बोलणं झालं का? नाव सांगायचं नाही. कोणाचं काही ऐकलं तर ते गटातच राहील, हे आधी सगळ्यांनी मान्य करायचं. कबुली आणि चहाडी यांच्यात फक्त दाराचं अंतर असतं, म्हणून हा नियम मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापतोय.

३ मार्च

संदर्भ तपासून झाले, ताईंनी प्रत्येक ओवी उघडून पाहिली. त्या बहिणीकडे जायला तरुण संघातल्या दोघी तयार झाल्या, पहिली भेट या आठवड्यात. एकच पान लिहायचं राहिलंय: वैऱ्यांवर प्रीती करा आणि तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा (मत्तय ५:४४). मननाचा मजकूर तयार आहे, कृती सुचत नाही, आणि घाईने काहीतरी लिहून हे पान भरायचं नाही. ते पान रविवारी गटासमोर ठेवू. ज्यांनी खरोखर छळ सोसला आहे असे दोघे-तिघे गटात आहेत. तयार असतील तर ती कृती त्यांनीच सांगावी.